टाकी गळते म्हणण्याआधी

गाडीखाली पेट्रोलचा वास आला की सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो एम-सील लावायचा. दुसरा, टाकी वेल्डिंगला द्यायचा. दोन्ही सल्ल्यांत गळतंय ते टाकीतूनच, असं धरून चाललेलं असतं. पुष्कळदा ते तसं नसतं. कॉकचा रबर गेलेला असतो, पाईप क्लिपपाशी चिरलेला असतो, कार्बोरेटरमधून ओव्हरफ्लो होत असतो, नाहीतर पंपावर ‘फुल्ल कर’ म्हणून गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल उन्हात फुगून बाहेर आलेलं असतं. टाकी बिचारी धडधाकट असते आणि तिच्यावर पुट्टी थापली जाते.

म्हणून आधी गळतीचं मूळ शोधायचं. त्याआधी मात्र गाडी कुठे उभी आहे ते बघा.

आपल्याकडे गाडी रात्री घरात, जिन्याखाली किंवा दाराला खेटून लावायची पद्धत आहे. कुंभारीच्या रे नगरात २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार घरांच्या चाव्या कामगार कुटुंबांना मिळाल्या. अशा लहान घरांत दारातली गाडी आणि आतली शेगडी यांत चार पावलंही नसतात. शहरात कितीतरी ठिकाणी घराच्याच खालच्या भागात टॉवेलचे माग चालतात, तिथे सुताची धूळ भिंतींवर साचलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि देव्हाऱ्यातला दिवा, शेगडी, मागाची मोटर, जे आधी सापडेल तिथपर्यंत पोचते. हवेत शंभरात जेमतेम दीड भाग वाफ मिसळली तरी ती पेट घेऊ शकते. तेव्हा वास आला की आधी कॉक बंद करायचा, गाडी न सुरू करता ढकलत उघड्यावर न्यायची, आणि आतले दिवे-पंख्यांची बटणं वास जाईपर्यंत चालू-बंद करायची नाहीत. दारं-खिडक्या उघडून ठेवायच्या. दुरुस्तीचं त्यानंतर.

गळतं कुठून?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. अशा उकाड्यात सांडलेलं पेट्रोल काही मिनिटांत उडून जातं. रात्री गाडीखाली पेपर पसरून सकाळी डाग बघायचा, हा ऑइलच्या गळतीसाठी ठीक असलेला उपाय इथे फसतो. सकाळी पेपर कोरडा असतो आणि टाकीतलं पेट्रोल मात्र कमी झालेलं असतं. मग चोरीचा संशय शेजारच्या पोरांवर जातो. पेट्रोल उडालं तरी मागे एक खूण सोडतं, पिवळट-तपकिरी, थोडा चिकट ओघळ. तो शोधा. रंगाला फुगे आले असतील तर त्यांच्याखाली पत्रा गंजलेला आहे असं समजायला हरकत नाही.

सावलीत, उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टाकीची खालची बाजू, कॉक, पाईप, कार्बोरेटर फडक्याने कोरडं पुसा. मग शाळेतला साधा पांढरा खडू घ्या आणि टाकीच्या खालच्या जोडावर, कॉकच्या भोवती, कंसाच्या वेल्डिंगवर घासा. पेट्रोल जिथून झिरपेल तिथे खडूची रेघ लगेच काळपट पडते. टॅल्कम पावडर भुरभुरली तरी चालेल. थेंब जिथे पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असते असं नाही. मागच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातलं पेट्रोल जोडाच्या कडेकडेने वाहत पुढे येतं आणि थेंब इंजिनच्या हेडवर टपकतो, त्यामुळे माणूस वीतभर दूर भलतीकडेच शोधत बसतो. खडू ही फसवणूक उघड करतो.

आता कॉक बंद ठेवून दहा मिनिटं थांबा. कार्बोरेटरखालच्या बारीक नळीतून थेंब पडत होते आणि कॉक बंद केल्यावर ते थांबले, तर टाकी निर्दोष आहे. फ्लोटची नीडल कचऱ्याने अडकली आहे किंवा झिजली आहे. बाऊलला पान्याच्या मुठीने दोन हलके ठोके दिले की कधीकधी नीडल बसते, पण कचरा आला कुठून हा प्रश्न उरतो. तो टाकीतल्या गंजाचा असेल तर आपण फिरून टाकीपाशीच येतो.

गाडी मेन स्टँडवर आणि साइड स्टँडवर वेगवेगळी उभी करून बघा. नुसत्या साइड स्टँडवर गळत असेल तर दोष डाव्या बाजूला, पेट्रोल कलून जिथे साचतं तिथे. पातळीवर नजर ठेवा. टाकी भरलेली असताना गळते आणि अर्ध्यावर आली की आपोआप थांबते, असं झालं तर गळती बरी झालेली नाही. पेट्रोल भोकाच्या खाली उतरलं आहे. ज्या पातळीला थेंब थांबला, भोक त्या उंचीच्या आसपास आहे. ही खूण फुकट मिळते आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

उन्हाळ्यात दरवर्षी मोबाईलवर एक संदेश फिरतो की टाकी फुल्ल करू नका, स्फोट होईल. इंडियन ऑइलने ही अफवा असल्याचा खुलासा केलेला आहे. स्फोट होत नाही, पण ओघळ येतो, कारण दहा अंश तापमान वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार पेट्रोल तुम्ही दहा लिटरच्या टाकीत काठोकाठ भरलं आणि गाडी भर दुपारी सात रस्त्याला उन्हात लावली, तर शे-दीडशे मिलिलिटर पेट्रोल जागा शोधत झाकणातून किंवा ब्रीदर पाईपमधून बाहेर येतं. याला दुरुस्ती लागत नाही. गळ्याच्या खाली दोन बोटं जागा सोडून भरा. काहीजण ओघळ बंद व्हावा म्हणून झाकणाचं हवेचं बारीक छिद्रच बुजवतात. मग टाकीत हवा जात नाही आणि गाडी पाच-सात किलोमीटरवर घुसमटून बंद पडते.

कॉक, रबर, पाईप

जुन्या स्प्लेंडर, बॉक्सर, आरएक्स १०० यांच्या कॉकमध्ये खटक्यामागे भोकं असलेला एक गोल रबर असतो. खटक्यापाशी ओल दिसली तर तो कडक झाला आहे. कॉक जिथे टाकीला बसतो तिथे ओल असेल तर आतली ओ-रिंग किंवा बोल्टखालचे वॉशर गेले आहेत. दोन्ही गोष्टी स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात किट म्हणून मिळतात. टाकी रिकामी करून कॉक काढायचा, आतली जाळी साफ करायची, नवे रबर-वॉशर घालून बसवायचा. बोल्ट दाबून दाबून आवळू नका. आटे गेले की साध्या कामाचं मोठं काम होतं.

पाईप क्लिपपाशी चिरला असेल आणि लांबी पुरत असेल तर टोकाचा तुकडा कापून पुन्हा बसवा. बदलायचा असेल तर पेट्रोलचाच पाईप घ्या. पाण्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी स्वस्त पडते, पण थोड्याच महिन्यांत ती काचेसारखी कडक होऊन तडकते.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. या गाड्यांत पेट्रोलचा पंप बहुधा टाकीच्या तळाशी प्लेटवर बसवलेला असतो, आणि गळती प्लेटच्या सीलमधून होते. पाईपमध्ये दाब असतो. तो पाईप ओढून काढण्याआधी पंपाचा कपलर काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग पाईपला हात घाला. नाहीतर पेट्रोल तोंडावर उडेल. सील नवं घाला आणि नट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत न्या. सीलच्या जागी काळं-पांढरं सिलिकॉन लावणारे कारागीर भेटतात. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

टाकीच गळत असेल तर

खडूने जोड किंवा पत्रा दाखवला, तर टाकी उतरवावी लागेल. पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये काढा. पातळ प्लास्टिकच्या बाटल्यांत नको, गटारात तर अजिबात नको. सीट काढली की टाकीच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. पुढून टाकी दोन रबरी गोट्यांवर बसलेली असते. गेजच्या वायरचा कपलर सोडवा, पाईप काढा, टाकी मागून उचलून ओढली की निघते. ते रबर तेव्हाच बघून घ्या. रबर झिजला की पत्रा सांगाड्यावर घासतो, आणि गंज नसलेल्या टाकीलाही त्या जागी भोक पडतं. दुधाचे कॅन, खताची पोती वाहणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

पण बहुतेक टाक्या आतून मरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाच्या कोपऱ्यात आणि खालच्या जोडात जाऊन बसतं, आणि एक मिलिमीटरहून पातळ पत्र्याला तिथेच खात राहतं. हे पाणी येतं झाकणातून. पत्र्याच्या पातळीत बसणाऱ्या झाकणाभोवती पावसाचं पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की झाकणाभोवती तळं साचतं आणि पाणी टाकीत उतरतं. वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा फवारा थेट झाकणावर मारतो तेव्हाही तेच होतं. एखादी बारीक तार त्या भोकातून पावसाळ्याआधी घालून बघा.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे आणि सोलापूरकरांनी तर ते समजून घेतलंच पाहिजे, कारण त्यातलं बरंचसं आपल्याच उसातून येतं. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशात २००१ साली सुरू झाला तो आपल्या राज्यात मिरज आणि मनमाडला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के, २०२२ च्या जूनपर्यंत देशभर सरासरी दहा टक्के, आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. शेतकऱ्याचा ऊस असा फिरून त्याच्याच गाडीच्या टाकीत येतो, यात वाईट काही नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने अर्धवट टाकीने उभी असलेली गाडी यात सापडते. रोज चालणाऱ्या गाडीचं पेट्रोल बदलत राहतं, तिला हा त्रास कमी. जुन्या गाड्यांचे रबर वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे कॉकचा रबर पूर्वीपेक्षा लवकर जातो अशी तक्रार कानावर आली, तर तिच्यात तथ्य असू शकतं.

टाकी धुऊन झाल्यावर आत एलईडी टॉर्चने बघा. काडी किंवा लायटर पेटवून बघणारी माणसं आजही आहेत, म्हणून हे वेगळं लिहावं लागतं. मग संशयित जागेच्या आजूबाजूला टोच्याने बोटभर अंतरापर्यंत दाबत जा. पत्रा टणक राहिला तर भोक एकटं आहे, दुरुस्ती टिकेल. टोच्या आत शिरायला लागला तर तुम्हाला दिसलेलं भोक हे पुष्कळांपैकी पहिलं. अशा टाकीवर पैसे घालू नका.

धुण्याचं काम सोलापुरात पाणी सुटण्याच्या दिवशीच काढा, कारण बादल्यांमागून बादल्या लागतात. आधी धुण्याची पावडर आणि गरम पाणी घालून, हलवून, ओतून. हे वास पूर्ण जाईपर्यंत. मग आतला गंज. मूठभर बारीक नट किंवा साखळीचा तुकडा पाण्यासोबत टाकीत घालून खळखळवलं की सुटा गंज पडतो. साखळीला दोरी बांधून ठेवा, म्हणजे ती बाहेर काढता येते. चिकटलेल्या गंजाला लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरमागे पन्नास ते शंभर ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका, ते गंजासोबत पत्राही खातं. लिंबूसत्त्वाने एखादं नवं भोक उघडलं तर घाबरू नका. ते भोक आधीपासून होतं, गंजाने बुजलेलं होतं, आणि ते रस्त्यात उघडण्यापेक्षा अंगणात उघडलेलं बरं. शेवटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने विसळून, स्वच्छ पाण्याने धुऊन, टाकी तापत्या उन्हात पालथी घाला. मे महिन्याचं ऊन या एका कामाला वरदान आहे. ओली टाकी तशीच ठेवली तर काही तासांत नव्या गंजाची तांबूस झाक चढते.

विस्तवाचा प्रश्न

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळायला हवाच पुरत नाही. रिकामीत वाफ आणि हवा यांचं नेमकं पेटणारं मिश्रण तयार होतं. शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं, मग चैत्रातल्या सोलापुरात ते काय करेल! ‘दोन दिवस उन्हात ठेवली होती, सगळं उडालं’ ही खात्री खोटी असते, कारण जोडांच्या घडीत आणि गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल दडून राहतं आणि तापलं की बाहेर येतं.

म्हणून वेल्डिंग किंवा ब्रेझिंग घरी करू नका, शेजारच्या ग्रिलवाल्याकडेही नाही. रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणाऱ्या कारागिराकडे जा आणि त्याला एकच विचारा: टाकी धुता कशी? गरम पाण्याने, साबणाने अनेकदा धुऊन, भोकाच्या जागेपुरती मोकळी ठेवून बाकी टाकी पाण्याने भरून काम करतो, असं तो म्हणाला तर पुढे बोला. ‘काही होत नाही, रोज करतो’ म्हणाला तर टाकी उचलून घरी आणा.

काम कोणतं करून घ्यायचं? पातळ, खड्डे पडलेल्या पत्र्यावर माझा कौल कथलाच्या डाखाला. त्याला ज्योत लागत नाही, दूर तापवलेल्या जड खाऱ्याने काम होतं, आणि सव्वादोनशे अंशांच्या आसपास कथील वितळत असल्याने पत्रा वाकत नाही. जोड उसवला असेल किंवा कंसापाशी हादऱ्यांनी तडा गेला असेल तर कथील टिकणार नाही, तिथे पितळेचं ब्रेझिंग हवं. साध्या आर्क वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला एका भोकाची तीन भोकं होतात.

एम-सीलवर माझा राग नाही, पण ते बाहेरून लावलेलं असतं आणि पेट्रोल आतून ढकलत असतं. ओल्या, रंगाच्या पत्र्यावर ते धरतच नाही. पत्रा घासून उघडा, कोरडा करून लावलं तर काही काळ निघतो. इथेनॉलच्या पेट्रोलला टिकतं असं डब्यावर लिहिलेलं इपॉक्सी असेल तर जास्त. टाकीच्या आतून द्यायचं दोन भागांचं लायनरही मिळतं. ते आतला गंज पूर्ण काढलेल्या, खडखडीत कोरड्या टाकीतच चिकटतं. तेल फिरवलेल्या टाकीत ते धरत नाही. ओतून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवायची, जास्तीचं काढून टाकायचं, कॉकचं भोक आणि ब्रीदर बुजले नाहीत ना ते बघायचं, आणि डब्यावर लिहिलेले तास संपेपर्यंत पेट्रोल घालायचं नाही. लायनर देणार नसाल तर कोरड्या टाकीत थोड्या पेट्रोलमध्ये चमचाभर टू-टी ऑइल घालून फिरवा, गंज लवकर चढत नाही.

आणि गुरुवारी अक्कलकोटला निघालात, वळसंगच्या पुढे थेंब पडायला लागला तर? गाडी बंद करून बाजूला घ्या, इंजिन गार होऊ द्या, विडी-काडीवाल्यांना लांब ठेवा. टपरीवरून कपड्याचा कोरडा साबण घ्या आणि ओल पुसून भोकावर घट्ट रगडा. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, भोकात बसतो आणि जवळच्या गॅरेजपर्यंत नेतो. पावसात धुऊन जातो, त्यामुळे आषाढात पंढरपूरच्या वाटेवर त्याचा भरवसा धरू नका. थेंबाची धार झाली असेल, किंवा थेंब थेट सायलेन्सरच्या पाईपवर पडत असेल, तर साबणही नको. टेम्पो बघा.

दुरुस्त टाकी चढवण्याआधी पाण्याने भरून, बाहेरून कोरडी पुसून तासभर कागदावर ठेवा. हवेच्या कॉम्प्रेसरने दाब देऊन तपासू नका, टाकी फुगून कायमची वाकडी होते. पाणी टिकलं तर वाळवा, बसवा, एक लिटर पेट्रोल घाला आणि पुन्हा खडू फिरवा. पेट्रोल पाण्यापेक्षा बारीक वाटेने निघतं, त्यामुळे पाण्याची परीक्षा पास झालेली टाकी पेट्रोलला नापास होऊ शकते. हे बघून झाल्यावरच टाकी भरा आणि पहिले काही दिवस गाडी रात्री घरात घेऊ नका.

टोच्याला जागोजागी शिरू देणारी टाकी बदलाच. चालू मॉडेलची नवी मिळते, जुन्या गाड्यांची वापरलेली मिळते. वापरलेली घेताना झाकण उघडून आत टॉर्च मारा आणि नुसत्या चकचकीत रंगावर जाऊ नका. जुनी टाकी भंगारात देताना झाकण आणि कॉक काढून, साबणाच्या पाण्याने धुऊन द्या, आणि ती पेट्रोलची टाकी आहे हे भंगारवाल्याला तोंडाने सांगा. तो ती गॅस कटरनेच कापणार असतो.